पसरावं की घर सांभाळावं? अंतराळातल्या स्ट्रॅटेजी गेममधला परतफेडीचा हिशेब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. स्टेलारिस या, अंतराळात साम्राज्य उभारायच्या संगणकावरच्या गेमच्या एका डावात तुम्ही सुरुवातीपासून हाताला लागेल ती सिस्टीम (तारा आणि त्याचे ग्रह) घेत गेलात. गेममधल्या २२३० सालापर्यंत १७ सिस्टीम आणि ४ वसाहती झाल्या, पण एनर्जी (गेममधलं चलन) महिन्याला उणे १८ वर आली आणि नेमका तेव्हाच शेजारी चढून आला. त्याचा धडा घेऊन पुढच्या गेममध्ये तुम्ही ३ ग्रहांवर थांबलात, सगळा भर रिसर्चवर दिलात, आणि २२८० ला शेजाऱ्याचा ताफा तुमच्या तिप्पट निघाला. म्हणून तुम्ही विचारताय, अशा गेममध्ये पसरावं की घरी बसावं, आणि पसरायचं तर कुठपर्यंत.

मी हा प्रकार बरीच वर्षं खेळते आहे. एकटीने एआयविरुद्ध, मल्टिप्लेअरमध्ये माणसांविरुद्ध, आणि टेबलावरच्या बोर्डगेममध्येही. गेली काही वर्षं नव्या खेळाडूंचे अर्धवट सोडलेले सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले गेम, उघडून, गेम कुठल्या वर्षी हातातून गेला ते त्यांना शोधून देते. तुमच्यासारखी जोडी त्यात सारखी दिसते. एक गेम हावेपायी गेलेला, त्याच्या पुढचा भीतीपायी.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुमचे दोन्ही गेम एकाच कारणाने बिघडले. पहिल्यात जास्त पसरलात आणि दुसऱ्यात कमी, असं वरवर दिसतं खरं. पण दोन्ही वेळा तुम्ही पहिल्या दहा वर्षांत एक धोरण ठरवलंत आणि नंतर ते पुन्हा तपासलंच नाहीत. माझ्या दृष्टीने नवी वसाहत किंवा नवा आउटपोस्ट (सिस्टीम ताब्यात घेणारी चौकी) म्हणजे काढलेलं कर्ज आहे. साधनं आज जातात, उत्पन्न पुढे कधीतरी येतं आणि मधला काळ तुम्ही कमजोर असता. तेव्हा प्रत्येक नव्या जागेला एकच प्रश्न विचारायचा: हे कर्ज फिटायच्या आत माझ्यावर कोणी चालून येईल का? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. या गेममध्ये पाय पसरले की अंथरूणही वाढतं, फक्त ते उशिरा वाढतं आणि तोवर पाय उघडे राहतात.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते कबूल करते. समोर माणूस आहे की एआय, नकाशा केवढा, शेजारी किती जवळ, जिंकण्याची अट काय, यावर उत्तर पुष्कळ बदलतं. स्टेलारिस तर २०१६ पासून इतक्या वेळा आतून बदलला आहे की एका आवृत्तीतला पाठ केलेला आकडा दुसरीत चालेलच असं नाही. म्हणून खाली आकडे आले तरी लक्ष हिशेबाच्या रीतीकडे द्या. आकडे तुमच्या पडद्यावरचे घ्या.

रीत दाखवायला माझाच एक गेम सांगते. चौघांचा मल्टिप्लेअर होता. २२२५ ला माझ्याकडे ११ सिस्टीम होत्या, दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे ६. मी पुढे आहे असं मला वाटत होतं. शेवटच्या ४ सिस्टीम मी पश्चिमेच्या एका बंद कोपऱ्यात घेतल्या होत्या, जिथे दुसरं कोणी येऊच शकणार नव्हतं. आउटपोस्टला प्रत्येकी १०० अलॉय (चौक्या आणि जहाजं बांधायला लागणारा मिश्रधातू), म्हणजे ४०० अलॉय. त्यावर खाणकाम स्टेशनं, प्रत्येकी १०० खनिजं, म्हणजे ४०० खनिजं. चारही ठिकाणांहून मिळून महिन्याला ७ खनिजं येऊ लागली. २ खनिजांचा १ अलॉय होतो हे धरलं, तर माझी गुंतवणूक झाली ६०० अलॉयची आणि उत्पन्न महिन्याला साडेतीन. ६०० भागिले साडेतीन म्हणजे १७१ महिने, चौदा वर्षांहून थोडे जास्त. देखभालीची एनर्जी मी यात धरलेलीच नाही. आणि शेजारी आला २२३१ ला.

तो आला २२ कॉर्व्हेट, म्हणजे सर्वांत लहान लढाऊ जहाजं, घेऊन. माझ्याकडे १३ होत्या. जहाजं सारखी असतील आणि सगळी एकाच वेळी लढत असतील, तर ताफ्याची ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात धरावी लागते. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ मध्ये मांडलेला हा हिशेब गेममध्ये ढोबळमानाने बऱ्यापैकी लागू पडतो. २२ चा वर्ग ४८४, १३ चा १६९. उरतात ३१५, त्याचं वर्गमूळ जवळपास १८. म्हणजे माझा ताफा पूर्ण संपला आणि त्याच्याकडे साधारण १८ जहाजं शिल्लक राहिली. त्या ४०० अलॉयमध्ये मला अंदाजे ४ कॉर्व्हेट मिळाल्या असत्या. १७ असत्या तर त्याच्याकडे १४ उरल्या असत्या, आणि १४ कॉर्व्हेटना माझं तटबंदी केलेलं स्टारबेस, म्हणजे सिस्टीम राखणारं अंतराळ स्थानक, झेपलं नसतं. चार जहाजांच्या फरकाने सगळी दक्षिण बाजू गेली.

त्या ४ सिस्टीम वाईट नव्हत्या, त्या अवेळी घेतल्या होत्या. बंद कोपरा होता, कोणी पळवणार नव्हतं, मग घाई कसली? २२४० मध्ये घेतल्या असत्या तरी तिथेच असत्या. तेव्हापासून मी जागांचे दोन ढीग करते. एका ढिगात, आज घेतली नाही तर दुसरा घेईल अशा जागा. दुसऱ्यात, कधीही घेतली तरी माझीच राहील अशा. दुसऱ्या ढिगातल्या जागेसाठी ताफ्याचा घास कधीच काढू नये.

या गेमना फोर-एक्स हे नाव १९९३ साली मास्टर ऑफ ओरायन या अंतराळ गेमची ओळख करून देताना गेमवर लिहिणारे अॅलन एमरिच यांनी दिलं. शोधा, पसरा, वापरा, संपवा, अशी ती चार इंग्रजी क्रियापदं. तुमच्या पहिल्या गेममध्ये दुसरं क्रियापद झालं आणि तिसरं राहून गेलं, असा माझा अंदाज आहे. आउटपोस्ट उभा राहिला की देखभालीची एनर्जी लगेच कापली जाऊ लागते, पण तिथे स्टेशन बांधेपर्यंत येत काहीच नाही. एकेका आउटपोस्टचा खर्च नगण्य वाटतो. १६-१७ झाले की तोच महिन्याचा खड्डा होतो. १७ पैकी किती सिस्टीममध्ये स्टेशनं पूर्ण होती, ते जरा सेव्ह उघडून मोजा.

आता घरी बसण्याच्या बाजूने. घरात पैसा घालणं ही सुद्धा गुंतवणूकच आहे आणि तिचीही परतफेड असते. कुठली लवकर फिटते, एवढंच बघायचं. त्यासाठी मी एक चाचणी वापरते, आणि ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे: आत्ता माझ्याकडे काय रिकामं पडलंय?

ही चाचणी स्टारक्राफ्ट २ या वेगवान युद्धाच्या गेममध्ये सर्वांत स्वच्छ दिसते. एका बेसवर, म्हणजे तळावर, साधारणपणे मिनरलचे ८ ढीग असतात आणि १६ वर्करांमध्ये ते काम नीट भरतं. सतराव्या वर्करपासून पुढे प्रत्येकाची कमाई घसरते, कारण तो ढीग मोकळा व्हायची वाट बघत घुटमळतो. समजा एका बेसवर तुमचे २२ वर्कर मिनरलवर आहेत. त्यातल्या ६ जणांची कमाई बरीच कमी पडते. ४०० मिनरल घालून दुसरा बेस टाकला आणि ते ६ तिकडे हलवले, तर त्या क्षणापासून ते पूर्ण कमाई करायला लागतात. हेच तुम्ही १२ वर्कर असताना केलंत, तर नवा बेस उभा राहील आणि तिथे पाठवायला माणूसच नसेल. मुरलेले खेळाडू तरीही जागा भरायच्या आधीच बेस टाकतात, कारण तो बांधून व्हायला मिनिटाहून जास्त वेळ लागतो आणि तोवर पहिला भरत येतो. शिवाय दोन बेसमधून वर्करही दुप्पट वेगाने निघतात. म्हणजे त्यांचा निर्णय आजच्या गर्दीवर नसतो, मिनिटभरानंतरच्या गर्दीवर असतो. ही सवय संथ गेममध्येही लावून घ्या. वसाहत उभी राहील त्या दिवशी माझ्याकडे काय जास्तीचं असेल, असा विचार करायचा.

स्टेलारिसमध्ये ‘रिकामं’ शोधायची जागा म्हणजे इन्फ्लुएन्स, नवी सिस्टीम ताब्यात घ्यायला खर्चावा लागणारा प्रभाव. ते बाजारात विकत मिळत नाही, थेंबाथेंबाने साठतं, आणि १००० वर साठा थांबतो. शेजारची सिस्टीम घ्यायला मूळ दर ७५. महिन्याला ३ मिळत असेल तर एका सिस्टीमला २५ महिने, ५ मिळत असेल तर १५. इन्फ्लुएन्स साठत चाललंय आणि तुम्ही काहीच घेत नाही आहात, तर ते घरी बसणं नाही, तो सरळ अपव्यय आहे. अलॉयचं मात्र उलट. ते आउटपोस्टलाही लागतं, कॉलनी शिपलाही लागतं आणि लढाऊ जहाजालाही. खरी ओढाताण तिथेच होते. म्हणून माझा साधा नियम असा, की इन्फ्लुएन्स सांगेल तेव्हा पसरायचा विचार करायचा आणि अलॉयला विचारून होकार द्यायचा.

तिसरी रिकामी गोष्ट म्हणजे माणसं. ग्रहावर पॉप (गेममधलं लोकसंख्येचं एकक) बेकार असतील तर नवी वसाहत चांगली. घरच्याच नोकऱ्या रिकाम्या असतील तर नव्या ग्रहावर इमारती बांधण्यात अर्थ नाही. हे वाचायला अगदी उघड वाटतं, पण मी बघितलेल्या बिघडलेल्या सेव्हमध्ये ही चूक फार वेळा सापडते. मूळ ग्रहावर कारखान्याच्या जागा ओस, आणि चौथ्या वसाहतीवर प्रयोगशाळा बांधून तयार, तीही रिकामीच. त्यात तो ग्रह राहायला प्रतिकूल असेल तर तिथला प्रत्येक पॉप जास्त खातो आणि कमी काम करतो.

माणसांबद्दल अजून थोडं, कारण इथेच पसरण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. मास्टर ऑफ ओरायनमध्ये ग्रह अर्धा भरलेला असताना लोकसंख्या सर्वांत वेगाने वाढते, भरत आला की वाढ मंदावते आणि पूर्ण भरला की थांबते. नंतरच्या कित्येक गेमनी हीच चाल उचलली. ढोबळ गणित करू. ग्रहाची क्षमता १००, वाढीचा दर १० टक्के, आणि जागा भरेल तसतशी वाढ कमी. ९० लोकसंख्येवर एका टर्नला वाढ होते ०.९. त्यातले २० दुसरीकडे पाठवले, मागे राहिले ७०, की वाढ होते २.१. म्हणजे पाठवलेली २० माणसं पूर्वीपेक्षा दुपटीहून जास्त वेगाने भरून यायला लागतात आणि नव्या ग्रहावर त्या २० ची स्वतःची वाढ सुरू होते ती वेगळीच. गच्च भरलेला मूळ ग्रह घेऊन बसलेला खेळाडू सुरक्षित आहे असं वाटतं, पण त्याने आपल्या वाढीचं इंजिन बंद ठेवलेलं असतं. तुमच्या दुसऱ्या गेममध्ये, ३ ग्रह भरल्यावर, याच्याच जवळचं काहीतरी झालं असणार.

याला एक अट मात्र आहे. मास्टर ऑफ ओरायनमध्ये सुरुवातीला एक माणूस २ कारखाने चालवतो. २० माणसं पाठवली की मागे ४० कारखाने थांबतात, जर तेवढे बांधलेले असतील तर. म्हणून पाठवणी करायची वेळ दोनपैकी एक: कारखाने अजून उभे राहायचे आहेत तेव्हा, किंवा माणसं कारखान्यांपेक्षा जास्त झाली आहेत तेव्हा. मधल्या काळात, कारखाने आणि माणसं बरोबर जुळलेली असताना पाठवलं तर दोन्हीकडून मार बसतो. पुन्हा तेच, काय रिकामं आहे ते बघा.

पसरण्याचा चालू खर्च कसा चढतो हे समजून घ्यायला इक्लिप्स हा २०११ चा बोर्डगेम मी लोकांना मुद्दाम खेळायला लावते. त्यात प्रत्येकाच्या पाटीवर प्रभावाच्या चकत्या ओळीने मांडलेल्या असतात. सेक्टर ताब्यात घेतला की एक चकती पाटीवरून उचलून तिथे ठेवायची आणि तिच्याखालचा आकडा उघडा पडतो. तो फेरीच्या शेवटी भरायचा खर्च. पहिल्या काही चकत्यांना तो शून्य, एक, दोन असा असतो. मग ३, ५, ७, १०, १३, १७ असा चढतो. कुठलीही कृती करायलाही त्याच ओळीतली चकती लागते. म्हणजे जास्त सेक्टर घेणारा खेळाडू जास्त खर्च तर भरतोच, शिवाय त्या फेरीत त्याच्या हातून कामंही कमी होतात. सातव्या सेक्टरचं उत्पन्न पहिल्या सेक्टरइतकंच असलं तरी त्याची किंमत कितीतरी जास्त पडते, हे हाताने चकती उचलताना जितकं कळतं तितकं संगणकाच्या पडद्यावर कळत नाही. तिथे हाच खर्च टक्केवारीत लपवलेला असतो. स्टेलारिसमध्ये साम्राज्याचा आकार वाढला की प्रत्येक तंत्रज्ञानाची आणि परंपरेची (साम्राज्याला मिळणाऱ्या कायमच्या फायद्याची) किंमत वाढते. एंडलेस स्पेस २ मध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे सिस्टीम घेतल्या की जनता नाराज होते. २००८ च्या सिन्स ऑफ अ सोलर एम्पायरमध्ये तर नवा ग्रह सुरुवातीला चक्क तोट्यात चालतो. त्याच्या विकासावर खर्च केल्यानंतर कुठे तो कर द्यायला लागतो. तिथे लागोपाठ तीन ग्रह घेऊन एकाचाही विकास न करणं म्हणजे तीन गळक्या टाक्या घरात आणणं.

तुम्ही विचारलेलं ‘कुठपर्यंत’ याचं उत्तर मात्र उत्पन्नात कमी आणि नकाशात जास्त सापडतं.

स्टेलारिसमध्ये २०१८ च्या २.० आवृत्तीपासून सगळ्यांना हायपरलेनवरूनच, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरावीक वाटांवरूनच, जावं लागतं. त्यामुळे नकाशा म्हणजे खोल्या आणि दारं झाली. मी सिस्टीम मोजत नाही, दारं मोजते. नवी सिस्टीम घेतल्यावर, शत्रू आत येऊ शकेल अशा वाटा वाढतात की कमी होतात? माझ्याकडे ६ सिस्टीम आणि ४ दारं आहेत, आणि आणखी २ घेतल्यावर दारं २ वर येणार असतील, तर त्या दोन सिस्टीममध्ये एक दगडही नसला तरी मी त्या घेते. उलट एखादी श्रीमंत सिस्टीम घेतल्याने तीन नव्या वाटा उघड्या पडत असतील, तर तिच्यासाठी आणखी एक स्टारबेस आणि ताफ्याचा एक तुकडा कायमचा बांधला जाणार. तो खर्च त्या सिस्टीमच्या नावावर टाकून मग परतफेड काढा. श्रीमंती बहुतेक वेळा तिथेच संपते.

माझ्या ज्या गेमची गोष्ट वर सांगितली, त्यातच २२१० च्या सुमाराला मी एक गोष्ट बरोबर केली होती. मधल्या २ सिस्टीम सोडून पुढची एक अरुंद वाट थेट घेतली. लांबची सिस्टीम घ्यायला इन्फ्लुएन्स जास्त पडतं, आणि तेव्हा ते जड गेलं होतं. पण त्या एका आउटपोस्टच्या मागे ५ सिस्टीम आपोआप माझ्या झाल्या, कारण सीमा बंद असली की त्या वाटेने कोणाचं बांधकाम जहाज आतच येऊ शकत नाही. त्या ५ मी पुढे वीस वर्षांत सावकाश भरल्या. आधी दार धरायचं, खोल्या नंतर लावायच्या. पश्चिमेचा तो बंद कोपरा याच न्यायाने मी थांबवायला हवा होता, आणि तिथेच मी माझी शिस्त मोडली.

ही दारांची सोय कायमची नसते, हेही सांगायला हवं. पुढे दूरच्या सिस्टीमना थेट जोडणारे वर्महोल, गेटवे येतात, जंप ड्राइव्ह येतो आणि शत्रू तुमच्या पक्क्या दारावरून उडी मारून आत उतरतो. मूळ सेटिंग ठेवलं असेल तर २४०० नंतर येणारं संकटही, म्हणजे सगळ्या आकाशगंगेवर उठणारा मोठा शत्रू, तुमच्या दारासमोर रांग लावत नाही. तेव्हा अंतराचा हिशेब करावा लागतो. ताफा उभा असतो तिथून सर्वांत लांबच्या महत्त्वाच्या ग्रहापर्यंत पोहोचायला किती दिवस, आणि तिथलं संरक्षण तेवढे दिवस टिकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तुम्ही ताफ्याच्या पल्ल्याबाहेर पसरलेले आहात, मग तिजोरी कितीही भरलेली असो.

घरी बसण्याची किंमत लोक रिसर्चच्या आकड्यात शोधतात. ती बऱ्याचदा भलतीकडेच असते. मास्टर ऑफ ओरायनमध्ये आकाशगंगेची परिषद भरते आणि लोकसंख्येच्या प्रमाणात मतं पडतात. दोन तृतीयांश मतं मिळवणारा जिंकतो. मी एकदा ५ उत्तम ग्रह आणि सगळ्यांत पुढचं तंत्रज्ञान घेऊन निवांत बसले होते. एकही गोळी न झाडता मी हरले. तो निकाल नाकारता येतो, पण मग बाकीचे सगळे मिळून तुमच्यावर उठतात. कमी लोकसंख्या म्हणजे तिथे कमी आवाज. म्हणून नकाशा बघायच्या आधी जिंकण्याची अट वाचा. ट्वायलाइट इम्पीरियम या बोर्डगेममध्ये याच्या उलट्या बाजूचा नियम आहे: तुमच्या मूळ सिस्टीमचे सगळे ग्रह ताब्यात नसतील तर सार्वजनिक उद्दिष्टांचे गुण तुम्हाला घेताच येत नाहीत. नकाशाच्या मध्यावरच्या मेकाटोल रेक्स या ग्रहाकडे धावताना घर मोकळं टाकणारा खेळाडू एका शेजाऱ्याच्या दोन जहाजांनी जागच्या जागी अडकतो. शिवाय नव्याने घेतलेला ग्रह ताब्यात येतो तो थकलेल्या अवस्थेत, त्या फेरीत त्याचा उपयोग नाही. शेवटच्या फेरीत उत्पन्नासाठी ग्रह घेणं म्हणजे कधीच न फिटणारं कर्ज.

माणसांविरुद्ध खेळताना यात आणखी एक पदर येतो. एआय तुमची कमजोरी ठरावीक नियमांनी मोजतो, माणूस तुमचा चेहरा वाचतो. तुम्ही सतत बांधकाम जहाजं फिरवताय आणि लढाऊ जहाज एकही दिसत नाही, हे कोणीही ओळखतं. मल्टिप्लेअरमध्ये पसरायच्या काळात मी सीमेवरच्या स्टारबेसवर थोडा जास्तच खर्च करते. तो लढाईत उपयोगी पडेलच असं नाही, पण शेजारी दुसरीकडे बघायला लागतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, आधी रिकामं काय ते शोधायचं, मग परतफेडीचे महिने काढायचे, ते शेजाऱ्याच्या येण्याच्या अंदाजाशी ताडून बघायचे, आणि शेवटी दारं मोजायची. गेमच्या वेळेत दर पाच वर्षांनी मी हे पुन्हा करते, गेम थांबवून. दोन मिनिटं लागतात.

शेजारी कधी येईल हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचाराल. संपर्कांच्या पडद्यावर त्याच्या ताफ्याची तुमच्याशी तुलना दिसते, अर्थात त्याच्याविषयी पुरेशी माहिती गोळा केलेली असेल तर. ती ‘बरोबरीचा’वरून ‘वरचढ’कडे सरकली की माझी नवी कर्जं बंद. तो तिसऱ्या कोणाशी लढाईत अडकला असेल तर मी बिनधास्त घेते, कारण मला काही वर्षं मिळालेली असतात. त्याची लढाई संपली आणि तो जिंकला, की पुन्हा बंद.

आता तुमच्या दोन सेव्हबद्दल. पहिल्यात, २२३० ला, पाच वर्षं एकही नवी सिस्टीम घेऊ नका. बांधकाम जहाजांना आतल्या सिस्टीममधली स्टेशनं पूर्ण करायला लावा, आधी एनर्जी देणारी. तोवर जास्तीची खनिजं दर महिन्याला थोडी थोडी बाजारात विकून ती उणे १८ भरून काढा. एकदम विकलीत तर भाव पडतो. ताफा स्टारबेसला लावून ठेवा आणि तिथे क्रू क्वार्टर्स बांधा, उभ्या जहाजांची देखभाल कमी होते. चारपैकी ज्या वसाहतीची परतफेड सर्वांत लांबची दिसते, तिथलं बांधकाम थांबवा, आणि नवे आउटपोस्ट न घेतल्याने वाचलेलं अलॉय त्या शेजाऱ्याच्या वाटेवरच्या स्टारबेसमध्ये घाला.

दुसरा सेव्ह २२८० ला वाचवणं कठीण आहे. एखादा बचावाचा करार मिळत असेल तर तो आजच करा, पण ३ ग्रहांवरून तिप्पट ताफ्याची बरोबरी होणार नाही. त्याऐवजी २२४० च्या आसपासचा एखादा सेव्ह शिल्लक असेल तर तो उघडा आणि इन्फ्लुएन्स किती साठलं होतं ते बघा. ५०० दिसलं, तर शेजारच्या ६ सिस्टीम घेण्याची ताकद तुमच्या हातात नुसती पडून होती. त्या वेळच्या नकाशावर तुमची दारं मोजा, कुठली एक सिस्टीम घेतली की त्यांतली दोन बंद होतात ते शोधा, आणि तिथे बांधकाम जहाज पाठवून पुढे खेळा.